ईसीजी शिकायचाय म्हणतोस, तर ऐक

प्रिय दोस्ता,

तुझा फोन आला तेव्हा ओपीडीत रांग लागली होती, धड बोलता आलं नाही. "ईसीजी बघितला की हातपाय गळतात रे, नेटवर कुठं शिकू?" म्हणालास. चार लिंका टाकून मोकळा झालो असतो, पण तसल्या लिंका मलाही ढिगानं आल्या होत्या. एकही उघडली नव्हती. आज रविवार, केजात सकाळपासून लाईट नाही, म्हणून लिहीतच बसलो.

व्हिडिओ बघत बसू नकोस. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि रात्री दोनला ईसीजीची पट्टी हातात आली की पाटी कोरी. मी दोन महिने असेच घालवले. खरं शिकलो ते दोन ठिकाणी. एक, 'लाइफ इन द फास्ट लेन'ची ईसीजी लायब्ररी, फुकट आहे. दुसरी, हार्वर्डशी जोडलेल्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाची 'ईसीजी वेव्ह-मेव्हन'. तिथं आधी नुसती पट्टी दिसते, उत्तर झाकलेलं असतं. शंभर पानी वही घे आणि उत्तर उघडायच्या आधी तुझं उत्तर पेननं लिही. रेट (मिनिटाचे ठोके), ऱ्हिदम (ताल), ॲक्सिस (विजेची दिशा), पीआर (पहिल्या बारक्या पी लाटेपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर), क्यूआरएस (ठोक्याचं उंच टोक), एसटी (त्यानंतरची सपाट रेघ), टी (शेवटची लाट). चुकलं तर चुकू दे, खोडायचं नाही. माझ्या पहिल्या वहीत लाल शाईच जास्त आहे.

हिशोब तुला येतोच, तरी सांगतो. कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, म्हणून बारका चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ चा. दोन आरच्या, म्हणजे दोन उंच टोकांच्या, मधले मोठे चौकोन मोजायचे, ३०० ला त्यानं भागायचं, की मिनिटाचे ठोके मिळतात. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर दहा सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस मोजून सहानं गुणायचं. आणि मशीन वर इंग्रजीत जे छापतं, ते आधी अंगठ्यानं झाकायचं.

लीड म्हणजे काय, हे मला एका जुन्या फोटोवरून कळलं. आइंटहोव्हेन, ज्याला १९२४ चं नोबेल मिळालं, त्याच्या यंत्रापुढं माणूस बसलाय, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. लीड वन म्हणजे या हातापासून त्या हातापर्यंत, बस्स. हे आधी कळलं असतं तर माझी एक फजिती टळली असती.

मागच्या वर्षी रात्री एक म्हातारबाबा आले, छातीत भरून आलंय म्हणत. घाईत हातापायाच्या क्लिपा मीच लावल्या. लीड वन सगळी उलटी, टीसुद्धा खाली. मी हृदयाच्या बाजूच्या भिंतीचा जुना झटका ठरवला, नातेवाइकांना घाबरवलं, गाडी करून पुढं पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच विचारलं, "लाल क्लिप कुठल्या हाताला होती?" लाल डाव्या हाताला होती रे, पिवळी उजव्याला! लीड वनमध्ये पी, क्यूआरएस, टी तिन्ही उलटे आणि एव्हीआर (उजव्या हाताकडून बघणारी लीड, एरवी उलटी असते) सुलटी दिसली, की आधी हात बघायचे. छातीच्या लीड्समध्ये (व्ही वन ते व्ही सिक्स) आर नेहमीसारखा वाढत गेला असेल तर क्लिपाच चुकल्यात. व्ही सिक्सकडं जाताना बारीक होत गेला, तर हृदयच उजवीकडं असू शकतं. हे त्याच रात्री त्या लायब्ररीत वाचलं. आता लावताना तोंडानं म्हणतो: लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. सिस्टर हसतात, हसू दे.

स्क्रीनवर एक गोष्ट मात्र सहसा दिसत नाही, ती म्हणजे वेळ. तिथं बहुतेक एका माणसाची एकच पट्टी असते. दिवाळीच्या आधी ऊसतोडीला निघालेल्या टोळीतली एक बाई आली. "पोटात वर जळजळायलंय," एवढंच म्हणे. अंग मात्र घामानं थबथबलेलं. पहिली पट्टी जवळजवळ चांगली, फक्त एव्हीएलमध्ये (डाव्या हाताकडून बघणारी लीड) एसटी किंचित खाली. गॅसची गोळी देऊन सोडायचा मोह झालाच होता. पण ती एव्हीएल वहीत दोनदा लाल झालेली. वीस मिनिटांनी परत काढला, तर टू, थ्री, एव्हीएफ या हृदयाच्या खालच्या बाजूच्या लीड्समध्ये एसटी उचललेला, म्हणजे ताजा झटका. ॲस्पिरिन ३०० चावायला दिली. जिभेखालची नायट्रेटची गोळी देण्याआधी छातीच्या उजवीकडचा व्ही फोर काढला, कारण हृदयाचं उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) झटक्यात सापडलं असेल तर त्या गोळीनं बीपी ढासळतं. मग १०८ ला फोन. वाचली बाई. त्या वर्षी कोयता काही हातात धरला नाही तिनं.

तर घाम असलेला माणूस आणि साधी पट्टी, हे जुळत नसेल तर पट्टीवर विश्वास ठेवू नकोस, परत काढ.

हुरड्याला ये. येताना तुझ्याकडच्या दहा पट्ट्या आण, नावं झाकून, उत्तरं न लिहिता. आणि आधी झेरॉक्स मार त्यांची. तो कागद थर्मल असतो, माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या पट्ट्या कपाटात पांढऱ्या होऊन पडल्यात.

तुझा,
होस्टेलचा रूममेट