भट्टीवरच्या माणसाला आधी विचारणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, धातूतली मूलद्रव्ये मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचे अहवाल आपल्यामुळे आता एकही मूलद्रव्य न गाळता पडद्यावर दिसतात. आभाराचे शब्द निघताच आपण चहाचा विषय काढता, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नमुना तपासून झाला की यंत्राजवळचा संगणक आमच्या जावा वेब अ‍ॅप्लिकेशनला जेसन, म्हणजे नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांचा मजकूर, पाठवतो आणि त्यात मूलद्रव्यांची नावे हीच 'की' (जोडीतले नाव) असतात. ग्रे आयर्न या साध्या ओतीव लोखंडाला कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस एवढ्यावर भागते. एसजी आयर्नला, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या लोखंडाला, मॅग्नेशियम लागते. आणि ग्राहकाने निराळा ग्रेड मागितला, तर निकेल, तांबे, मॉलिब्डेनम यांपैकी काय येईल हे आधी सांगता येत नाही. जेसन वाचणारी जॅक्सन लायब्ररी मात्र, तिच्या २.x आवृत्त्यांत, मूळ स्थितीत अनोळखी (कोडात आधी न नोंदलेली) की दिसताच एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीची सूचना, देऊन थांबते.

आपल्याआधी बाहेरगावच्या ज्या तज्ज्ञ मंडळींना आम्ही हे काम दिले होते, त्यांनी फाउंड्रीत पाऊल न ठेवताच ती तपासणी बंद करून टाकली. अनोळखी की सोडून देण्याची ही सोय पुष्कळ ठिकाणी योग्य असते. आमच्याकडे मात्र एक्सेप्शनबरोबर अहवालातले मॅग्नेशियमही नाहीसे झाले. एसजी आयर्नमध्ये ते साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के शिल्लक राहावे लागते, नाहीतर ग्रॅफाइटच्या नीट गोळ्या बनत नाहीत. शिवाय ओतायला उशीर होईल तसतसे ते घटत जाते. विचारणा केल्यावर 'यंत्राने ठरावीक कीच पाठवाव्यात' असे उत्तर आले, आणि मागोमाग बिल. त्या बिलातून मात्र काहीही गळले नव्हते!

आपण आलात आणि कोड उघडण्याआधी भट्टीवरच्या फोरमनना बोलावून घेतलेत. ते दारातच उभे राहिले, कारण कार्यालयात बसण्याची त्यांना सवय नव्हती. आपण स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवलीत, आणि ते बैलहोंगलकडचे आहेत हे कळताच, यातला कोणता आकडा दिसला नाही तर तुमचे काम अडते, असे कन्नडमध्ये विचारलेत. इतकी वर्षे त्या अहवालावर धातू ओतणाऱ्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि त्यांनी एका दमात जे सांगितले त्यातूनच पुढचा सारा कोड उभा राहिला.

हीट क्रमांक, ग्रेड आणि वेळ ही क्लासमधली, म्हणजे कोडातल्या साच्यातली, पक्की नावे. बाकी जे येईल ते जॅक्सनच्या 'जेसनएनीसेटर' या सोयीच्या आधारे मॅपमध्ये, म्हणजे कोणतेही नाव सामावणाऱ्या यादीत. पक्क्या नावाचे स्पेलिंग चुकले तर तेही मुकाट्याने त्याच मॅपमध्ये शिरेल, म्हणून ती नावे आली की नाहीत हे वेगळे तपासा, हा आपला आग्रह होता. तो आम्ही पाळतो.

सीमाभागात कोणती भाषा कोणी बोलावी यावर पुष्कळ बोलले जाते. समोरच्याला सोपे जाईल अशा भाषेत विचारणारी, उत्तर पुरते ऐकून घेणारी आणि आपल्या विद्येचा बडेजाव न मिरवणारी माणसे आमच्या बेळगावात आजही आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

अलीकडे व्हॅनेडियमची की प्रथमच आली आणि काहीही न बदलता अहवालात दिसली. फोरमननी ती माझ्याआधी पाहिली आणि ग्रेडच्या कागदाशी ताडूनही ठेवली.

आपला ऋणी,
फाउंड्रीतील प्रोग्रामर