माझे वडील पेशवेकालीन नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकातली नव्या संग्रहालयाची बातमी वाचली. रागाच्या भरात लिहू नये म्हणून सोमवार जाऊ दिला. सोमवार गेला, राग तसाच आहे.

कला, विज्ञान, अभियांत्रिकी आणि इतिहास एकाच छताखाली येणार, याबद्दल संबंधितांचे मनापासून अभिनंदन. नाशिकला हे हवेच होते. फक्त बातमीसोबत छापलेल्या आराखड्यात चार रंगांची चार दालने दिसली. प्रत्येकाला वेगळे दार आणि मधोमध उपाहारगृह. म्हणजे ही मंडळी एकत्र येणार ती चहापुरती. आमच्या जुन्या वाड्यांत याला एका घरात चार चुली म्हणतात.

या विषयात बोलायचा माझा हक्क एका बंबापुरता आहे. माझे वडील तांबट होते. आत्याच्या लग्नात द्यायला म्हणून त्यांनी १९५८ साली तांब्याचा बंब घडवला. आत्याच्या सासरी न्हाणीघरात तो मावेना, म्हणून परत आमच्याकडे आला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे घरातल्या अकरा माणसांच्या आंघोळी त्याच्यावर झाल्या. मधल्या नळीत गोवऱ्या आणि नारळाच्या शेंड्या, भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे उष्णता वाया जात नसे. हे मला शाळेत कळले नाही. थंडीत पहाटे बंब पेटवायची पाळी माझ्यावर असायची, तेव्हा कळले.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेने वस्तुसंग्रह दालन उघडले आणि नागरिकांना जुन्या वस्तू देण्याचे आवाहन केले. नाव लिहीत नाही, सगळे ओळखीचेच आहेत. मी बंब, वडिलांचे दोन हातोडे आणि भांडे टेकवून ठोकायची एक खरवई रिक्षात घालून नेऊन दिली. टेबलामागच्या गृहस्थांना प्रश्न पडला की हे कशात टाकायचे. कलेत घ्यावे तर नक्षी नाही. विज्ञानात घ्यावे तर वीज नाही. "इतिहासात टाकू," असे ते म्हणाले आणि पावती फाडली: पितळी भांडे, नग १. बंब तांब्याचा होता. पितळेची होती ती फक्त तोटी. हातोडे आणि खरवईची नोंदच नव्हती. मी काही बोललो नाही. दान देताना वाद घालू नये, असे आई सांगायची.

सहा महिन्यांनी नातीला दाखवायला नेले. बंब एका स्टुलावर होता. खाली पाटी: 'पेशवेकालीन जलपात्र'. ज्या नळीत गोवऱ्या जळायच्या, तिच्यात प्लॅस्टिकची फुले. नातीने विचारले, "आजोबा, पणजोबा पेशव्यांच्या वेळी होते?"

पाटीचे एक वेळ हसण्यावारी नेले असते. पण त्यांनी बंब पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखा केला होता आणि अंगावरची सगळी मठार, म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांच्या खुणा, घासून टाकली होती. ज्यांना मठार ही शोभा वाटते त्यांच्यासाठी सांगतो. तांबे ठोकत गेले की कडक होत जाते आणि शेवटी तडकते. म्हणून मधे मधे लाल होईपर्यंत ताव द्यायचा. त्यानंतर पाण्यात बुडवले तरी ते मऊच राहते. पोलादाचे नेमके उलट, ते तापवून पाण्यात बुडवले की कडक होते. भांडे आकाराला आले की शेवटचा हात मठारायचा, ठोक्याला ठोका लावून, आणि त्यानंतर ताव द्यायचा नाही. त्या ठोक्यांनी पातळ पत्र्याला ताठपणा येतो. ओळीतला एक ठोका चुकला तर वडील जेवायला उठत नसत. आता सांगा, मठार कलेच्या रंगात की अभियांत्रिकीच्या? मी स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली, मलाही हे वेगळे काढता आलेले नाही.

मी तीन पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले: 'आपला अर्ज इतिहास समितीकडे वर्ग करण्यात आला आहे.' समितीचे पुढे काय झाले ते इतिहासालाच ठाऊक. नंतर छत गळते म्हणून दालन बंद झाले. हातोड्यांची चौकशी केली तेव्हा कळले की ते निर्लेखित झाले. साध्या मराठीत, भंगारात गेले. बंबाचा पत्ता कोणालाच सांगता आला नाही.

असो. आपल्या बातमीत जोगलटेंभीच्या नाण्यांचा उल्लेख आहे आणि ती सोन्याची होती असे छापले आहे. ती चांदीची होती. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात सापडलेला तो साठा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पांडवलेण्याच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने लेकाबद्दल कोरून ठेवले आहे की त्याने क्षहरात वंश, म्हणजे या नहपानाचा वंश, निःशेष केला. पण नाण्यावर बघितले तर नहपानाचे नाक, गाल खालून डोकावतातच. अशा एका नाण्याचा मोठा केलेला फोटो मी वडिलांना दाखवला होता. चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ताव कमी पडला. घाईत होते." इतिहासाच्या पुस्तकांत मी या नाण्यांविषयी बरेच वाचले, हे वाक्य कुठे सापडले नाही. नव्या संग्रहालयात हे नाणे काचेत जाईल आणि पाटीवर राजाचे नाव येईल. ठोकणाऱ्याविषयी कोण लिहिणार?

आणि त्र्यंबकचे दादासाहेब फाळके? चित्रकला शिकलेले, छायाचित्रण आणि छपाईचा धंदा केलेले. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला कडेने भोके पाडायचे यंत्र आणायची व्यवस्था केली. त्यांना चारपैकी कोणत्या दारातून आत घेणार, तेही आराखड्यात दाखवावे.

बातमीत म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचा आदर्श सांगितला आहे. जरूर घ्यावा. ते १९०३ साली स्थापन करणारे ऑस्कर फॉन मिलर विद्युत अभियंता होते. प्रेक्षकाने दांडा फिरवून, बटण दाबून यंत्र स्वतः चालवून बघावे, हा त्यांचा आग्रह. स्वतःची इमारत उघडायला १९२५ उजाडले, पण तोवर ते हात बांधून बसले नव्हते. वस्तू गोळा केल्या आणि १९०६ मध्येच जुन्या इमारतीत लोकांना दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे आधी कोनशिला, मग कंत्राट, मग सिंहस्थ तोंडावर आला म्हणून घाई, आणि शेवटी कोणाच्या तरी लक्षात येते की आत ठेवायला काही नाही. मग पुन्हा नागरिकांना आवाहन. मी आत्ताच सांगून ठेवतो, माझ्याकडे आता फक्त एक घंगाळ उरले आहे आणि ते मिळणार नाही.

ते हवेच असेल तर अट आहे. त्याच्या शेजारी एक भाता चालता हवा आणि ठोके मारणारा एक तांबट पगारावर हवा. कराराने नको, उद्घाटनापुरता तर मुळीच नको. आमच्या गल्लीत लहानपणी ठोक्यांच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नसे. आता दुपारी तिथे झोप लागते.

बंब कोणाच्या गोदामात, दिवाणखान्यात किंवा हॉटेलच्या दारात दिसला तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावे. ओळखायची खूण सांगतो. तोटीच्या वर डाख देऊन सांधलेल्या जागी अंगठ्याएवढा काळा डाग आहे, तो पॉलिशच्या चाकालाही गेला नव्हता. पावती मी जपून ठेवली आहे, पितळी भांड्याची का होईना.

आपला,
तांबट गल्लीतला एक जुना वाचक, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता.क.: पाणीकपातीची चौकट आपण पुरवणीच्या आतल्या पानावर छापता. ती मला नळ गेल्यावर सापडते. पहिल्या पानावर शुभेच्छांच्या जाहिरातींतून जागा निघाली तर बघावे.