तक्रार: ‘घरी जोडा’ ऑइल कॅच कॅन किटमधले सदोष भाग आणि धोकादायक माहितीपत्रक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: १.३ लिटर टर्बो डिझेल इंजिनासाठी आपल्या संकेतस्थळावरून मागवलेले ऑइल कॅच कॅन किट परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणे, तसेच किटसोबतचे माहितीपत्रक मागे घेणे.

महोदय,

ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूसोबतचे तेल इनटेकमध्ये (इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत) जाण्याआधी अडवणारा डबा. त्याच्या किटबद्दल ईमेलने केलेल्या पहिल्या तक्रारीला आपल्या ग्राहक सेवेने एका ओळीत उत्तर दिले: “फिटिंग चुकीचे झाल्यास कंपनी जबाबदार नाही.” फोटो न पाहता, एकही माप न विचारता दिलेले हे उत्तर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. खाली लिहिलेले बहुतेक दोष किट टेबलावर ठेवलेले असतानाच दिसतात. त्यासाठी व्हर्नियर, मोजपात्र आणि गरम पाणी एवढेच लागते. गाडीला हातही लावावा लागत नाही, त्यामुळे फिटिंगचा प्रश्न इथे येतच नाही.

जाहिरातीत ‘घन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मशीन केलेला डबा’ असे लिहिले आहे. आलेला डबा पत्र्याचा आहे. तळाची दाबून बसवलेली शिवण नुसत्या डोळ्यांना दिसते. भिंतीची जाडी १.२ मिमी असून त्यातच थेट ३/८ बीएसपीचे (नळजोडणीच्या ब्रिटिश मापाचे) आटे पाडून निपल (नळी जोडायच्या तोट्या) बसवले आहेत. ३/८ बीएसपीला इंचाला १९ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.३४ मिमी होते. १.२ मिमी पत्र्यात एक पूर्ण आटासुद्धा बसत नाही. निपल केवळ टेफ्लॉन टेपच्या भरवशावर उभा आहे आणि इंजिनाच्या थरथरीत तो किती टिकेल हे नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरला विचारावे. अशा डब्याला बाहेरून १० ते १२ मिमी जाडीचा बॉस (धातूचा जाड गोल तुकडा) वेल्ड करून त्यात आटे पाडायचे असतात.

‘५०० मिली’ ही क्षमताही खोटी आहे. आतला व्यास ६० मिमी, खोली ११८ मिमी. काठोकाठ पाणी भरले तर ३३० मिली मावते. त्यातही निपल तळापासून ७० मिमीवर असल्यामुळे कामाची जागा जेमतेम २०० मिली. तेलाची पातळी त्याच्या वर गेली की साठलेले तेल सरळ इनटेककडे ओढले जाते.

डब्यात ड्रिलचा कीस होता. झटकल्यावर कागदावर पडला तो पिशवीत घालून ठेवला आहे. टर्बो डिझेलमध्ये या डब्यातून निघालेली हवा थेट टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकावर जाते आणि ते चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. ॲल्युमिनियमचा एक तुकडाही तिथे काय करील हे आपल्या तांत्रिक विभागाला माहीत असायला हवे. माहितीपत्रकात ‘बसवण्यापूर्वी डबा रॉकेलने धुऊन हवेने फुंका’ हे साधे वाक्यही नाही.

आता मुख्य दोषाकडे येतो. गाडीच्या मूळ ब्रीदर पाइपचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर नेणाऱ्या नळीचा, आतला व्यास १९ मिमी आहे. किटमध्ये १९ वरून १० मिमीवर आणणारा रिड्यूसर, १० मिमीची पारदर्शक नळी आणि १० मिमीचे निपल दिले आहेत. छेदाचे क्षेत्रफळ २८३ चौ. मिमीवरून ७८ वर येते, म्हणजे पाव भागाहून थोडेसे जास्त. पण खरे नुकसान याहून मोठे आहे. तेवढ्याच लांबीच्या नळीतून तेवढीच हवा ढकलायला लागणारा दाब, व्यास कमी केला की, साधारण त्याच्या पाचव्या घाताने वाढतो. व्यास निम्म्यावर आला की दाब दुप्पट होईल असे आपल्या डिझाइन करणाऱ्याने गृहीत धरलेले दिसते. १९ चा १० केला की तो २० ते २५ पट होतो.

पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरणारा वायू, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तो नव्या इंजिनातही थोडा असतोच. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद भागात) दाब साठतो. मग डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) जागेवरून वर सरकते, क्रँकचे मागचे ऑइल सील पाझरू लागते. त्याहून वाईट म्हणजे टर्बोचे तेल. टर्बोच्या बेअरिंगमधून निघालेले तेल फक्त उतारावरून, स्वतःच्या वजनाने संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) परत येते. खाली दाब असला की ते तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून एका बाजूने इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागात), दुसऱ्या बाजूने सायलेन्सरमध्ये जाते. ज्या तेलापासून इंटरकूलर वाचवायला ग्राहक हा डबा घेतो, तेच तेल दुसऱ्या वाटेने तिथे पोहोचते.

हे अनुमानावर ठेवायचे नव्हते म्हणून गाडी उभी ठेवून मोजले. डबा धुऊन तात्पुरता जोडला, डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक नळी लावून तिचा यू आकार केला आणि त्यात पाणी भरले. गरम इंजिन, ३००० फेरे, गाडी न्यूट्रलमध्ये. मूळ पाइपवर २० मिमी पाण्याइतका ओढा दिसला, म्हणजे क्रँककेसमध्ये किंचित निर्वात, जसा असायला हवा तसा. आपले किट, आतला स्पंज काढून, जोडल्यावर १५ मिमी उलटा दाब. स्पंज तेलात भिजवून परत घातला तर ६० मिमी. हा बिनभाराचा आकडा आहे. कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना बॅक कॉम्प्रेशनचा प्रवाह दुप्पट झाला तर अडथळ्यामुळे पडणारा दाब चौपट होतो. म्हणून या किटसह गाडी रस्त्यावर नेली नाही. पाहिजे असल्यास मोजणीची चित्रफीत पाठवतो.

त्या स्पंजला जाहिरातीत ‘तीन टप्प्यांचे गाळण’ म्हटले आहे. तो साधा पॉलियुरेथेन फोम आहे. गरम इंजिन ऑइलच्या वाफेत तो काही महिन्यांत चिकट होऊन तुकडे सोडतो. शिवाय येणारे आणि जाणारे निपल एकाच उंचीवर, समोरासमोर आहेत. वायू एका तोंडातून आत येतो आणि सरळ समोरच्या तोंडातून निघून जातो. तेलाच्या कणांना कुठे आपटायला जागा नाही की वेग कमी व्हायला वळण नाही. स्पंज काढला तर हा नुसता रिकामा डबा उरतो.

नळी पीव्हीसीची आहे. उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरली की दोन बोटांनी चपटी होते. बॉनेटखाली ८० ते १०० अंश सहज असतात. तेलाची वाफ नेणाऱ्या नळीला नायट्राइल रबर लागते, आतून कापडी विणीचे. (रेडिएटरचा जुना होज चालेल असे आपल्या ग्राहक सेवेने फोनवर सांगितले, तेही चूक. तो बहुधा ईपीडीएम असतो, पाण्याला उत्तम आणि तेलात फुगणारा.) क्लॅम्पऐवजी प्लॅस्टिकचे झिप टाय दिले आहेत, त्यावर वेगळे लिहीत नाही. तळाला तेल सोडायला मत्स्यालयाच्या हवेच्या नळीला असतो तसला प्लॅस्टिकचा नळ आहे. तिथे १/४ बीएसपीचा पितळी बॉल व्हॉल्व्ह हवा आणि त्याची दांडी थरथरीने खाली पडून उघडणार नाही अशा बाजूला वळवलेली हवी.

माहितीपत्रकाबद्दलची तक्रार मात्र सर्वांत गंभीर आहे, कारण किट फेकून देता येते पण चुकीची सूचना वाचून माणूस इंजिन खोलतो. पत्रकातले पुढील मजकूर तातडीने काढावेत.

‘डब्यात दुधट द्रव दिसल्यास हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन ताबडतोब खोला.’ हे साफ चूक आहे. जळणातून पाण्याची वाफ तयार होतेच आणि तिचा काही भाग बॅक कॉम्प्रेशनसोबत येतो. नाशिकमध्ये जानेवारीतल्या सकाळी पारा १० अंशांच्या खाली जातो. इंदिरानगर ते सातपूर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे तेल पूर्ण तापतच नाही, वाफ थंड डब्यात पाणी होते आणि तेलात घुसळून ताकासारखे दिसते. हिवाळ्यात डब्यातला बराचसा ऐवज पाणीच असतो. गॅस्केटची शंका तेव्हाच घ्यावी, जेव्हा कूलंटच्या टाकीतली पातळी खरोखर उतरते, डिपस्टिकवरचे तेलही दुधट होते किंवा थंड इंजिन चालू करताच टाकीत बुडबुडे येतात.

‘साठलेले तेल गाळून पुन्हा इंजिनात ओतता येते.’ त्या तेलात पाणी, कच्चे इंधन आणि आम्ल असते. ते परत ओतायचे नाही, जुन्या तेलासोबत गॅरेजच्या पिंपात द्यायचे.

‘पेट्रोल व डिझेल दोन्हींसाठी एकच जोडणी, पेट्रोल गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून टाका.’ हे सर्वांत बेजबाबदार वाक्य. पीसीव्ही म्हणजे क्रँककेसमधला वायू मोजून इनटेकमध्ये सोडणारी झडप. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात तिच्यानंतरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जाते आणि आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तिथे जोरदार निर्वात असतो. व्हॉल्व्ह काढला की मोजमापाबाहेरची हवा आत शिरते, आयडल वरखाली होते, मिश्रण पातळ झाल्याचा पी०१७१ कोड येतो. डबा व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसवायचा आणि व्हॉल्व्ह जागेवर ठेवायचा. टर्बो पेट्रोलला बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) उलट्या दिशेने डब्यात जाऊ नये म्हणून एकदिश झडपही लागते. झाकणावर लावायला दिलेला छोटा एअर फिल्टर तर कुठल्याच गाडीला लावू नये. त्याने बंद यंत्रणा उघडी पडते आणि क्रँककेसची वाफ रस्त्यावर सोडली जाते.

‘दर १०,००० किमीला रिकामा करा.’ २०० मिली जागेच्या डब्याला? पहिली तपासणी ५०० किमीला, दुसरी १,००० ला, मग किती साठते ते पाहून पुढचे ठरवायचे, हिवाळ्यात लवकर. टर्बो डिझेलमध्ये डबा ओसंडून तेलाचा लोंढा इनटेकमध्ये गेला तर इंजिन त्याच तेलावर पळत सुटते, चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणे किंवा ब्रेक घट्ट धरून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडणे एवढेच हातात उरते.

पत्रकातल्या फोटोत डबा टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याशेजारी इंजिनावर टांगला आहे. गरम डब्यात वाफेचा द्रव होत नाही आणि नळातून गळलेले तेल टर्बोवर पडले तर आग लागते. डबा बॉडीला, टर्बोच्या विरुद्ध बाजूला, ३ मिमी पट्टीच्या ब्रॅकेटवर एम ६ बोल्ट आणि नायलॉक नटने बसवावा. नळीला मध्ये झोळ नको, नाहीतर तेल तिथेच साठून वाट बंद करते.

सुधारित किट कसे असावे हेही नोंदवतो, म्हणजे ‘पर्याय सुचवा’ असे उत्तर यायला नको. ३ मिमी भिंतीचा, आतून ८० मिमी व्यासाचा आणि १५० मिमी उंचीचा डबा सुमारे ७५० मिलीचा होतो. गाडीच्या पाइपइतक्याच, म्हणजे १९ मिमीच्या वाटा. आत येणारी नळी झाकणातून खाली उतरून तळापासून ६० मिमीवर सुटावी. तिच्याखाली सुमारे ३०० मिली जागा राहते. तिच्या तोंडाखाली ५-६ मिमी भोकांची आडवी जाळी, म्हणजे वळणावर तेल उसळत नाही. नळीच्या तोंडाच्या वर दोन जाळ्यांमध्ये ४०-५० मिमी उंचीची स्टेनलेस स्टीलची तार, सैल भरलेली. भांडी बाजारात मिळणारी स्टीलची घासणी यासाठी पुरते. फक्त रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून गंजत नाही ना ते पाहावे आणि वरची जाळी घट्ट असावी, कारण सुटलेली तार टर्बोत जाते. पॉलिशची लोखंडी लोकर अजिबात नको. बाहेर जाणारी वाट झाकणावर, झाकणाला नायट्राइलची ओ-रिंग. शेवटी सर्व तोंडे बंद करून ०.३ बार हवा सोडावी आणि डबा बादलीत बुडवून बुडबुडे पाहावेत.

खोक्यावर ‘आरटीओ मान्य’ असा शिक्का आहे. मान्यतेचा क्रमांक, तारीख आणि चाचणी घेणारी संस्था, मग ती पुण्याची एआरएआय असो वा अन्य कोणी, लेखी कळवावी. ते नसेल तर शिक्का काढावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली वाहनातील बदलाची जबाबदारी गाडीमालकावर येते, शिक्का छापणाऱ्यावर नाही.

मागण्या अशा: किटची पूर्ण किंमत व कुरिअर खर्च परत मिळावा. माहितीपत्रक मागे घेऊन ज्यांना ते गेले त्या सर्वांना दुरुस्ती कळवावी, विशेषतः पीसीव्ही व्हॉल्व्ह, एअर फिल्टर आणि १०,००० किमी या तीन मुद्द्यांवर. क्षमता आणि ‘घन ठोकळा’ हे दावे जाहिरातीतून काढावेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. पहिल्या तक्रारीला पोच क्रमांकही मिळाला नव्हता. मुदतीत समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे दावा दाखल केला जाईल. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी ग्राहक राहतो तिथे दावा करता येतो.

बिलाची प्रत, व्हर्नियरसह काढलेले फोटो आणि माहितीपत्रकाच्या दोन्ही बाजू सोबत जोडल्या आहेत. किट सर्व भागांसह खोक्यात बांधून ठेवले आहे. नेण्यासाठी माणूस पाठवण्याआधी एक दिवस कळवावे. कीस भरलेली पिशवी मात्र दावा मिटेपर्यंत इथेच राहील. तिचा फोटो पुरेसा आहे.

आपला,
ग्राहक (नाव व ऑर्डर क्रमांक बिलाच्या प्रतीवर)
नाशिक