टॅमरिएलमधली जात: लेकीस पत्र

प्रिय सुजाता,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू घरी आली होतीस, तेव्हा एका दुपारी तुझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मांजराच्या तोंडाची एक बाई उभी होती आणि तू पाऊण तास तिच्या गालांवरचे पट्टे, कानांची ठेवण आणि शेपटीचा रंग ठरवत बसली होतीस. मी विचारले, ही कोण? तू म्हणालीस, ‘ही माझी रेस, खजीत.’ आजी मागे मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, ‘रेस म्हंजे जात का गं?’ तू ‘तसंच काहीतरी’ म्हणालीस आणि पुन्हा पट्ट्यांकडे वळलीस. आजीने हातातली जुडी खाली ठेवली आणि बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली. पुढे ती काही बोलली नाही, पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

तू होस्टेलला परत गेल्यावर तुझ्या परवानगीने मी तो खेळ उघडला. गेले दोन महिने रात्री जेवणे आटोपली की तासभर मी तुझ्या खजीतला घेऊन टॅमरिएल या त्या खेळातल्या खंडात फिरतो. लढायांपेक्षा माझा वेळ तिथल्या घरांत आणि देवळांत ठेवलेली पुस्तके वाचण्यात आणि लोकांशी बोलण्यात जातो. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ हा खेळ 2014 साली आला आणि त्यात निवडायला दहा वंश आहेत, एवढे तू मला सांगितले होतेस. प्रत्येक वंशाला स्वतःची उत्पत्तिकथा, स्वतःचे देव आणि मेलेल्या माणसाशी वागायची स्वतःची रीत आहे, हे मात्र मला फिरताना कळले. ज्यांनी हे लिहिले त्यांनी मनापासून काम केले आहे. त्या कामाबद्दल आणि त्यातल्या एका गाठीबद्दल मला तुझ्याशी बोलायचे आहे. फोनवर ते नीट जमणार नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या खजीतपासून सुरुवात करतो. त्यांची कुलमाता सांगते ती कथा मी दोनदा वाचली. आझुरा देवीने वनातल्या काही जिवांना घेऊन खजीत घडवले आणि त्यांचे नशीब दोन चंद्रांशी बांधून टाकले. जन्माच्या वेळी त्या चंद्रांच्या कला कशा असतील, त्यावर बाळाचे शरीर ठरते. त्यामुळे एकाच आईच्या पोटची दोन लेकरे वाढून एक घरातल्या मांजराएवढे आणि दुसरे वाघाहून मोठे होऊ शकते. तरी दोघेही पूर्ण खजीतच असतात. घरच्या मांजराएवढ्या अल्फिक खजीतला पाळीव प्राणी समजणाऱ्या परक्याचे किती चुकते, हे तू एल्सवेअर या खजीतच्या देशात पाहिले असशील. कोणाचा देह कसा असावा हे आकाशावर सोपवून माणूसपण मात्र सर्वांना सारखेच देणारी ही कल्पना मला फार आवडली. ते लोक ‘मी’ न म्हणता ‘या खजीतला वाटते’ असे म्हणतात. तेही कानाला पहिल्या दिवशी विचित्र वाटले आणि चौथ्या दिवशी गोड वाटू लागले.

पण त्याच खजीतच्या जन्मजात कौशल्यांच्या यादीत एक कौशल्य खिसे कापण्याचे आहे. तू खजीत निवडलेस त्याच क्षणी तुझ्या हाताला थोडी चोरटी सफाई मिळाली. ती तू शिकली नाहीस, ती रक्तातूनच आली असे खेळ मानतो. इथे मी थांबलो. इंग्रजांनी 1871 साली आपल्या देशात असाच एक कायदा केला होता. त्याने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांना हजेऱ्या द्यायला लावल्या. पारध्याच्या घरी जन्मलेले मूल रांगायच्या आधीच संशयित होते. तो कायदा 1952 च्या 31 ऑगस्टला गेला, म्हणून भटके विमुक्त तो दिवस पाळतात. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात असे काही वाईट नसेल. खजीत चोर असतात असे टॅमरिएलमधले परके लोक म्हणतात, आणि तेच खेळाच्या नियमांत जाऊन बसले आहे. पण लोकांचे म्हणणे आणि नियम यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर तुला दिसावे अशी माझी इच्छा आहे.

वंश या शब्दाचा वाद खेळ बनवणाऱ्यांकडेही झाला आहे. असल्या सगळ्या खेळांचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने 2024 च्या नव्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द काढून त्या जागी प्रजाती या अर्थाचा शब्द घातला. आपल्या मराठीत आंब्याची जात, मांजराची जात आणि माणसाची जात एकाच शब्दाने बोलतात, म्हणून आजीने विचारले ते अगदी बरोबर विचारले.

आता बॉसमर, म्हणजे व्हॅलनवुडच्या जंगलात राहणारे, लांब टोकदार कानांचे वन-एल्फ. या लोकांनी इफ्रे नावाच्या देवाशी एक करार केला आहे. व्हॅलनवुडमधले झाड तोडायचे नाही, तिथली वनस्पती दुखवायची नाही आणि खायचीही नाही. खाणे सगळे मांसाचे. दारूदेखील मांस आंबवून किंवा डुकरिणीच्या दुधाची करतात. लढाईत मारलेला शत्रू तीन दिवसांच्या आत खाऊन संपवावा, असेही त्या करारात आहे. हे वाचून तुझी आई उठून आत गेली. मी मात्र विचार करत राहिलो, कारण या रीतीमागे क्रौर्य नाही, एक शिस्त आहे: ज्याला मारले त्याला वाया घालवायचे नाही आणि ज्या जंगलाने घर दिले त्याला ओरबाडायचे नाही. त्यांची घरे लाकूड कापून बांधलेली नाहीत; झाडांनाच विनवून, कथा सांगून त्या आकारात वाढवलेली आहेत. ताटात काय आहे यावरून माणसाला कमी लेखणाऱ्या लोकांमध्ये आपण राहतो, त्यामुळे समोरच्याच्या ताटामागचे कारण आधी समजून घ्यायला लावणारा खेळ मला मोलाचा वाटतो. आणि व्हॅलनवुड सोडून परगावी गेलेले बॉसमर भाजी खातात, लाकडाची खुर्ची वापरतात. त्यांचे कान त्यामुळे आखूड होत नाहीत. ही बारीक गोष्ट लक्षात ठेव, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आर्गोनियन लोकांबद्दल थोडक्यात सांगतो. ते दलदलीत राहतात, हिस्ट नावाच्या वृक्षांशी त्यांचे मन जोडलेले असते, आणि त्यांची घरे माती-बोरूची असतात, जी कुजून जावीत हेच त्यांना मान्य असते. त्यांच्या पूर्वजांनी दगडाचे प्रचंड झॅनमीर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची देवळे, बांधले होते. ते अजून उभे आहेत, पण त्यांत राहायला कोणी जात नाही. शेजारच्या डनमर, म्हणजे काळसर वर्णाच्या एल्फ लोकांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून विकले. मग उत्तरेकडून स्वारी आली, ती परतवताना आर्गोनियन मदतीला आले आणि त्यातून उत्तरेकडची नॉर्ड माणसे, डनमर आणि आर्गोनियन यांचा तह झाला. डनमरांपैकी तेलवानी घराणे मात्र तहाबाहेर राहिले आणि त्यांनी गुलाम सोडले नाहीत. एकाच वंशात, एकाच देवांना मानणाऱ्यांत, कोणी साखळी उघडली आणि कोणी ती घट्ट धरली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो त्या रेडगार्ड लोकांकडे येतो. त्यांचे मूळ बेट योकुडा समुद्रात बुडाले आणि ते हॅमरफेलच्या वाळवंटात येऊन वसले. जुन्या रीती जपणारे ‘क्राउन’ आणि नव्या शेजाऱ्यांत मिसळणारे ‘फोरबेअर’ असे त्यांच्यात दोन तट आहेत. पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे: पूर्वजांचे देह पवित्र असतात. तूव्हाक्का हा त्यांचा आत्म्यांचा रक्षक देव. मेलेल्या माणसावर शस्त्र उगारणे हे महापाप, मग तो मेलेला माणूस काळ्या विद्येने उठून तुमच्या अंगावर चालून का येईना.

हॅमरफेलमधल्या अलिकरच्या वाळवंटात नेमके तेच घडते. ‘विदर्ड हँड’ नावाची टोळी थडगी उघडून मढी उठवते. अशा उठलेल्या मढ्यांना रेडगार्ड रा-नेतू म्हणतात. तलवारीच्या कलेत टॅमरिएलमध्ये ज्यांचा हात कोणी धरत नाही असे हे योद्धे आपल्याच आजोबा-पणजोबांसमोर हतबल होतात, कारण वार केला तर धर्म बुडतो. मग हे काम करतो कोण? अश-अबाह नावाची एक जमात करते. उठलेल्या मढ्यांना पुन्हा शांत करणे हा त्यांचा पिढीजात भार. त्यांनी तो उचलला नाही तर शहर एका रात्रीत संपेल, हे सर्वांना ठाऊक असते. आणि मढ्याला हात लावला म्हणून त्यांना विटाळलेले समजतात. ते वस्तीबाहेर भटकतात, संकट आले की त्यांना बोलावणे जाते आणि संकट टळले की लोक तोंड फिरवतात.

सुजाता, हे वाचून मी खुर्ची मागे सरकवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तुझ्या पणजोबांची गोष्ट तुला तुटक माहीत आहे, ती आज नीट लिहून ठेवतो. मी सातवीत असताना ते गेले, त्यामुळे हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे. गावात गुरू मेले की ते ओढून शिवेबाहेर न्यायचे काम त्यांचे. कोणी माणूस गेला की त्याची वर्दी पायी परगावच्या सोयऱ्यांना पोचवायची, सरणाला लाकडे आणायची, आणि त्याच्या बदल्यात येसकरपाळीला दारोदार भाकरी मागायची. गावातला प्रत्येक मृत्यू त्यांच्या हातांनी पार पडत होता, आणि त्याच हातांना विहिरीचा दोर धरायची बंदी होती. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि मेलेली जनावरे ओढू नका हा त्यांचा निरोप पुढे गावोगाव पोचला. पणजोबांनी आणि वाड्यातल्या आणखी काही जणांनी ते काम एका सकाळी बंद केले. गावाने त्यांचे किराणा आणि जळण तोडले. एक बैल चार दिवस पांदीत पडून होता, असे ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग नसे. त्या मुक्या जनावराचे हाल झाले याचेच वाईट वाटलेले असे.

पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. त्या दिवशी त्यांची उंची बदलली नाही, रंग बदलला नाही, हातांवरचे घट्टेही गेले नाहीत. पण त्यांचे देव, त्यांचे सण, जन्म आणि मरण यांबद्दलची त्यांची सगळी समजूत बदलली, आणि ती त्यांनी स्वतः बदलली. तुझे नाव सुजाता आहे ते त्या दिवसामुळे आहे.

तुझ्या खेळातली गाठ म्हणालो ती हीच. पात्र घडवण्याच्या पडद्यावर देह आणि श्रद्धा एकाच बटणाला बांधलेले आहेत. खजीत निवडलीस की चंद्र आले, बॉसमर निवडलास की करार आला, आणि वंश बदलायचा तर खेळाच्या दुकानात जाऊन पैसे भरावे लागतात, तेव्हा देह आणि श्रद्धा दोन्ही एकदम बदलतात. पण त्या पडद्याच्या पलीकडे, ज्यांनी कथा लिहिल्या त्यांना हे बंधन पुरे पडलेले नाही. भाजी खाणारा बॉसमर, साखळी उघडणारा डनमर आणि साखळी धरून बसलेला डनमर, क्राउन आणि फोरबेअर, हे सगळे त्या बटणात न मावणारे लोक आहेत. आणि अश-अबाह! मी मुद्दाम पुन्हा जाऊन पाहिले. दहा वंशांच्या यादीत ते नाहीत. त्यांचे नाक, रंग, बांधा सगळे इतर रेडगार्डांसारखेच आहे. शेजारी उभे केले तर कोण बाटलेला आणि कोण शुद्ध हे कोणालाही सांगता येणार नाही. ते वेगळे आहेत ते फक्त त्यांना दिलेल्या कामामुळे.

तू पुढे असले खेळ स्वतः बनवणार आहेस, असे तुझ्या डोक्यात आहे हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचा आनंद आहे. तेव्हा तुला दोन गोष्टी विचारतो, उत्तर सावकाश दे. तुझ्या खेळात एखाद्या लोकसमूहाचा देव ठरवशील, तेव्हा तो देव न मानणारी त्यांच्यातली एक तरी बाई लिहिशील का? आणि अश-अबाहपैकी कोणी एके दिवशी ‘आजपासून हे काम आम्ही करणार नाही’ असे म्हणाला, तर अलिकरमधल्या सेंटिनेल शहराने काय करावे, हे तू कसे लिहिशील? मी त्या कथेत हा प्रसंग शोधत होतो.

आजीला मी अश-अबाहची सगळी हकिकत सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्यांना प्यायला पाणी कुठलं?’ मला उत्तर आले नाही. तुझी खजीत मी सेंटिनेलच्या बंदरावर उभी करून ठेवली आहे. 2016 पासून वंशांच्या कोणत्याही गटातल्या पात्राला सगळ्या खंडात फिरता येते, म्हणून ती इतक्या दूर येऊ शकली. रविवारी तुला वेळ झाला की तिथून वाळवंटात जा आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते का बघ. मिळाले तर आधी तिला फोन कर.

तब्येतीला जप. मेसचे जेवण बरे नसेल तर लिही, चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू पाठवतो.

तुझे,
पप्पा