पेशीत शिरलं म्हणजे काम झालं असं नाही

मा. संपादक, नमस्कार.

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू पेपरचं कात्रण घेऊन आल्या, पॉलिमर (म्हणजे छोटे रेणू एकमेकांना जोडून केलेला मोठा रेणू) आता औषधी प्रोटीन थेट पेशीत पोचवणार अशी हेडलाइन होती. त्यांच्या नातवाला जन्मजात एका एन्झाइमची कमतरता आहे, एकच प्रश्न होता, आमच्या बाळाला हे कधी मिळेल. इतक्यात नाही हे सांगताना फार जड गेलं म्हणून लिहितेय.

इन्सुलिनला पेशीच्या आत जावंच लागत नाही, ते पेशीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटून काम करतं, म्हणून 1922 पासून नुसत्या इंजेक्शनवर भागतंय. पण ज्या प्रोटीनचं काम आत आहे त्याची पंचाईत होते, एवढा मोठा रेणू पेशीच्या तेलकट आवरणातून जातच नाही, पेशी त्याला गिळते आणि एंडोसोम नावाच्या थैलीत कोंडते, ती थैली हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी तिथली एन्झाइम्स त्याचा चुराडा करतात. म्हणजे औषध पेशीत पोचलं आणि वायाही गेलं! बातमीत हे सहसा नसतंच. गॉशे या एन्झाइमच्या कमतरतेच्या जन्मजात आजारावरचं एन्झाइम 90 च्या दशकापासून दिलं जातं ते चालतं कारण त्याचं कामच त्या पचवणाऱ्या थैलीत आहे, सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

पॉलिइथिलिनइमाइन हे पॉलिमर डीएनए पोचवायला लॅबमध्ये 1995 पासून वापरतात. या पॉलिमरवर धनभार आणि डीएनएवर सगळीकडे ऋणभार, त्यामुळे डीएनए त्याला घट्ट चिकटतो, प्रोटीनवर मात्र कुठे धन कुठे ऋण, पकडच बसत नाही. म्हणून मग पॉलिमरलाच वेगवेगळे रासायनिक गट जोडतात. शांघायच्या ईस्ट चायना नॉर्मल युनिव्हर्सिटीतल्या टीमने 2019 ला बोरॉनिक अ‍ॅसिडचे गट जोडून दाखवले, प्रोटीन धरूनही ठेवलं आणि थैलीतून बाहेरही काढलं. मला हे काम खरंच सुंदर वाटतं, वर्गात मी ते आवडीने शिकवते. पण डिशमधल्या पेशी वेगळ्या आणि माणसाचं रक्त वेगळं, रक्तातली बाकीची प्रोटीन्स पॉलिमरला येऊन चिकटतात आणि जास्त धनभार असलेलं पॉलिमर पेशीच्या आवरणालाच इजा करतं.

तेव्हा विनंती एवढीच की अशी बातमी छापताना प्रयोग डिशमध्ये झाला, उंदरावर झाला की माणसावर, आणि प्रोटीन थैलीबाहेर आलं का, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. काकूंनी तेवढाच वाचला होता.

— एक शिक्षिका, नाशिक