टॉपमध्ये १ दाबणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आभार तोंडीही मानता आले असते. पण मी केला होता तसाच, दोन वेब सर्व्हरांच्या सीपीयू-खर्चाची तुलना करणारा तक्ता आज कुठे ना कुठे कुणीतरी करत असेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव त्यात घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे माहीत आहे.

तो तक्ता आठवतो ना? चार कोअरचं मशीन, एका रकान्यात अपाची, दुसऱ्यात एन्जिनएक्स. अपाचीचा सीपीयू नव्वदीला टेकलेला, एन्जिनएक्सचा २५ टक्के. खाली मी ठळक अक्षरांत लिहून टाकलं होतं, 'सगळे सर्व्हर बदलावेत.' दुसऱ्या दिवशी बैठक होती. तुमचा त्या कामाशी संबंधसुद्धा नव्हता. जाता जाता तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरोब्बर २५? कितीही लोड टाकला तरी?"

मग वाकून कीबोर्डवर फक्त १ दाबलंत. टॉपमधली (सीपीयू कोण किती खातंय ते दाखवणारा प्रोग्राम) सीपीयूची एक ओळ फुटून चार झाल्या. एक कोअर शंभरावर आणि बाकीचे तीन हातावर हात ठेवून बसलेले! कॉन्फिगमध्ये मी वर्कर प्रोसेसची, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस किती हव्यात याची, ओळच लिहिली नव्हती, आणि ती नसली की एन्जिनएक्स एकच वर्कर चालवतो. मी जिला काटकसर म्हणत होतो ती कोंडी होती.

मला वाटलं, झालं, आता जाल. तुम्ही खुर्ची ओढलीत. "रिक्वेस्ट किती गेल्या?" तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. टक्के होते, पण कशाचे? एक सर्व्हर दुप्पट काम करून दमला असेल तर त्याला मी आळशी ठरवत होतो.

वर्करची संख्या ऑटो केली, तरी एन्जिनएक्स भरेना. तेव्हा तुम्ही लोड टाकणाऱ्या मशीनवर टॉप लावायला सांगितलंत. तिथे एबी, म्हणजे लोड टाकणारा अपाचीबेंच, स्वतःच शंभर टक्क्यांवर अडकला होता. तो एकाच थ्रेडवर चालतो. शिवाय मी त्याला कीप-अलाइव्हचा (तेच कनेक्शन पुन्हा वापरण्याचा) पर्याय दिला नव्हता, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन आणि एचटीटीपीएस असल्यामुळे प्रत्येक वेळी नवा हँडशेक, एन्क्रिप्शनची सुरुवातीची बोलणी. दिवसभर मी वेब सर्व्हर कमी आणि ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन करणारी लायब्ररी) जास्त मोजत होतो. हे कळल्यावर मला हसू आलं होतं, तुम्हाला आलं नाही. बरं झालं.

मग आपण लोड टाकायला डब्ल्यूआरके२ घेतलं, कारण त्यात दर बांधून देता येतो. दोघांनाही सेकंदाला २,००० रिक्वेस्ट, ६० सेकंद. आधी आणि नंतर लिनक्सच्या प्रॉक फाइलसिस्टीममधून प्रत्येक प्रोसेसचे यूटाइम आणि एसटाइम (तिच्या स्वतःच्या कोडमध्ये आणि कर्नलमध्ये गेलेला सीपीयूचा वेळ, टिकमध्ये) वाचायचे, सगळ्यांची बेरीज, सेकंदाचे १०० टिक या हिशेबाने सेकंद करायचे आणि १,२०,००० ने भागायचं. एका रिक्वेस्टला किती सीपीयू लागला, एवढा एकच आकडा. हा भागाकार मी त्यानंतर इतक्यांदा केलाय की त्याची स्क्रिप्टच होऊन गेली.

जीझिपची, म्हणजे पाठवण्याआधी फाइल दाबून लहान करण्याची, गोष्ट मात्र मला एकट्याला जन्मात सापडली नसती. दोन्हीकडे 'चालू' केलं की झालं समान, अशी माझी समजूत. तुम्ही विचारलंत, "लेव्हल कोणती?" काही न सांगितलं तर एन्जिनएक्स १ वर दाबतो आणि अपाची झेडलिब या दाबणाऱ्या लायब्ररीच्या नेहमीच्या ६ वर. अपाची जास्त मेहनत करून फाइल लहान करत होता, आणि मी त्याचे गुण कापत होतो.

आणि पानं तयार करणारी पीएचपी! अपाचीत ती मॉड-पीएचपी या मॉड्यूलने आतच चालत होती, त्यामुळे तिचा सगळा खर्च अपाचीच्या नावावर. एन्जिनएक्सच्या मागे पीएचपी-एफपीएम वेगळ्या प्रोसेसमध्ये, आणि त्या मी मोजल्याच नव्हत्या. शिवाय मॉड-पीएचपीसाठी अपाची प्रीफोर्कवर ठेवलेला, म्हणजे एका कनेक्शनला एक अख्खी प्रोसेस. २००४ साली लोकांसमोर आलेला एन्जिनएक्स इव्हेंट-लूपवर (ज्या कनेक्शनवर काही घडलं त्याच्याकडेच वळत) हजारो कनेक्शन एका वर्करमध्ये सांभाळतो, हे खरं. पण २०१२ च्या २.४ आवृत्तीपासून अपाचीतही इव्हेंट एमपीएम (कनेक्शन सांभाळण्याची प्रीफोर्कहून हलकी पद्धत) नीट वापरता येतो. लोक 'अपाची जड आहे' म्हणतात तेव्हा कोणता अपाची, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

दोन्हीकडे एफपीएम लावून, लेव्हल सारखी करून पुन्हा मोजलं. लहान स्थिर फाइलींवर एन्जिनएक्सला तरीही कमी सीपीयू लागला, ते लपवत नाही. पण आमची बहुतेक पानं पीएचपीची, आणि तिथे दोन्ही वेब सर्व्हरचा स्वतःचा वाटा अगदी किरकोळ निघाला. सगळा वेळ पीएचपी खात होती, आणि ओपकॅश (एकदा कंपाइल केलेला पीएचपी कोड साठवून ठेवणारी सोय) बंद होता. तो चालू केल्यावर जेवढा सीपीयू वाचला, तेवढा सर्व्हर बदलून वाचला नसता.

बैठकीत मी नवा तक्ता मांडला. तुम्ही मागच्या रांगेत होतात आणि जुन्या तक्त्याबद्दल एक अक्षरही बोलला नाहीत. "हे कसं मोजलं?" असं कुणीतरी विचारलं, तर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. त्या बोटासाठी मनापासून आभार.

नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बाजू अजून मोजायची आहे. तिथे जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते, तेव्हा क्लस्टर (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवणं) लावूनच मोजेन. आकडे आले की पाठवतो. कुठे शंका आली तर तशीच, दोन शब्दांत विचारा.

तुमचा,
पलीकडच्या टेबलावरचा