रात्रीची प्रार्थना बंद ठेवू नका

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा आईचा फोन आला. गुडघे, भाजीचे भाव, शेजारच्यांची नवी गच्ची असं सगळं सांगून झाल्यावर शेवटी हळूच म्हणाली, "ह्यांनी प्रार्थना करायची सोडलीय. जेवणाआधीची मी म्हणते, रात्रीची होतच नाही." मध्येच धागा सुटतो, नावं आठवत नाहीत, मग तुम्ही चिडता म्हणे. पवित्र शास्त्र उघडावं तर अक्षरं धूसर. हे फोनवर बोलायला गेलो तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात द्याल, म्हणून लिहितोय. आई वाचून दाखवेल.

बाबा, तुमच्या प्रार्थनेची आम्हा भावंडांना एके काळी धास्तीच होती. राज्यकर्त्यांपासून सुरुवात, मग मंडळी, पाळकसाहेब, दवाखान्यातले आजारी, परगावी शिकणारी मुलं आणि शेवटी पाऊस. तोवर भात निवलेला असायचा. पण त्यात एक शब्दही पाठ केलेला नसायचा, याचा तुम्हाला अभिमान होता आणि तो रास्तच होता. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांची रीतच ती. १८३१ साली नगरला येऊन ज्यांनी मिशन सुरू केलं ते काँग्रिगेशनल परंपरेतले. प्रार्थना अंतःकरणातून निघावी, पुस्तकातून नव्हे, असं मानणारे. आई एसपीजी या इंग्लंडच्या चर्चच्या मिशनवाल्यांच्या घरातली. तिच्याकडे छापील प्रार्थनापुस्तक, ठरलेल्या विनंत्या, ठरलेले प्रतिसाद. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोन्हीकडचे लोक एका मंडळीत आले खरे, पण आपल्या स्वयंपाकघरात तो वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. "तुझ्या प्रार्थना एव्हाना देवालाही पाठ झाल्या असतील," असं तुम्ही म्हणायचात. आईचं उत्तर ठरलेलं, "मग बरंच आहे की, मी विसरले तर तो पुढचं सांगेल."

या वादात आज मी आईच्या बाजूने आहे.

तुमच्याच शास्त्रातून सांगतो. 'आम्हाला प्रार्थना करायला शिकव' असं शिष्यांपैकी एकाने म्हटलं, तेव्हा प्रभूने त्यांना तयार शब्द दिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातली ती प्रार्थना तर इतकी आखूड आहे की ती म्हणताना भात निवायची सोय नाही. आणि वधस्तंभावर, श्वास घेणंही जड झालेलं असताना, त्याने तरी नवे शब्द कुठे शोधले? 'माझ्या देवा, माझ्या देवा' हा टाहो बायबलमधल्या बावीसाव्या स्तोत्राचा. पित्याच्या हाती आत्मा सोपवतानाचे शब्द एकतिसाव्या स्तोत्रातले. शेकडो वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी केलेली प्रार्थना त्याने स्वतःची म्हणून म्हटली. मग तुम्हाला आधाराला पुस्तक लागलं तर त्यात कमीपणा कसला?

आणि टिळकांचं काय? कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, मृत्यू १९१९चा. हा माणूस तर आपल्या अमेरिकन मिशनचाच. अभंग आणि भजन त्यांनी मंडळीच्या ओठांवर असं बसवलं की शंभर वर्षं उलटून गेली तरी तुम्ही डोळे मिटून, पुस्तक न उघडता, त्यांची पदं म्हणता. ती तरी तुम्ही कुठे रचलीत? गाताना ती तुमचीच असतात. आई सांगते, पद म्हणताना तुमची एकही ओळ अजून चुकत नाही. धागा सुटतो तो फक्त बोलताना.

संत बेनेदिक्त यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थना आखूड आणि शुद्ध असावी असं सांगितलंय. चारचौघांत मिळून करायची तर अगदीच आखूड. आपल्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवायला हवं होतं. (तुम्हाला म्हणत नाही.)

आता कामाचं. मी सकाळी चाकणच्या कंपनी बसमध्ये स्तोत्रं ऐकतो. शेजारचे रील्स बघत असतात, मी कानात इअरफोन घालून बसतो. कधी डुलकी लागते, कधी चार ओळी लक्षात राहतात. त्या स्तोत्रांचा क्रम आईच्या प्रार्थनापुस्तकाच्या घराण्यातलाच आहे. थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये इंग्लंडच्या चर्चसाठी प्रार्थनापुस्तक काढलं, तेव्हा १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली. पहिल्या तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८, आणि तिसाव्या संध्याकाळी १५०वं येऊन संपतं. मग एकतीस तारखेला काय? त्याचाही नियम आहे, आदल्या दिवशीचीच पुन्हा म्हणायची. मठवासी हीच सगळी स्तोत्रं आठवड्यात संपवायचे; ते आपलं काम नव्हे.

हा क्रम मला आवडतो कारण त्यात आपल्या मूडला विचारत नाहीत. चौदा तारखेच्या सकाळी ७१वं येतं. म्हातारपणी मला टाकू नको, बळ सरल्यावर सोडू नको, असं ते म्हणतं. मला आज ते लागू नसेल, पण कुणाला तरी लागू असतंच. सतराव्या सकाळी ८८वं. त्याचा शेवट अंधारात होतो. इतर बहुतेक विलापांत निदान आशेची एक ओळ येते, इथे तीही नाही. तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत म्हटलं जातं. चिडलेल्या, थकलेल्या माणसानेही काय म्हणायचं ते तिथे लिहून ठेवलंय. तुम्ही चिडलात म्हणून प्रार्थना सोडायची गरज नाही, त्याच मनाने ८८वं म्हणा.

ही सगळी स्तोत्रं मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करतोय. भाषांतर बायबल सोसायटीचं जुनंच, तुमच्या कानाला सवयीचं. पेनड्राइव्हवर घालून छोट्या स्पीकरसकट शनिवारी घेऊन येतो. मोठं बटण एकच आहे, आई दाबेल. बाविसाव्या संध्याकाळी १०९वं येतं, ते मी गाळलंय. शत्रूची मुलं पोरकी होवोत असलं काही झोपण्याआधी कुणी ऐकू नये, असं माझं मत. पटलं नाही तर तुम्ही मागून घ्या. ११९व्याची १७६ वचनं क्रॅन्मरनेच पाच बैठकांत तोडली आहेत, तेव्हा घाबरू नका.

स्तोत्र संपलं की प्रभूची प्रार्थना दोघांनी मिळून म्हणायची. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं आई घेईल. त्यातलं एखादं तुम्हाला आठवलं तर मध्येच घाला, नाही आठवलं तर 'आमेन' तुमचं. शेवटी तिने अंधारात उजेड मागणारी, रात्रीच्या संकटांपासून राखायला सांगणारी तिची ती जुनी सायंप्रार्थना म्हणावी. बाबा, तिच्यावर हसायचं नाही.

एक काम मात्र तुमच्याकडे. प्रत्येक रात्रीच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मला एकेक पद हवंय आणि ते तुमच्या आवाजात. मला सूर लागत नाही हे मंडळीतही सगळ्यांना ठाऊक आहे. कोणती पदं घ्यायची ते ठरवून ठेवा. पेटीचा भाता फाटलाय असं आई म्हणत होती; शनिवारी येतानाच पेटीवाल्याला विचारून येतो, नाहीतर नुसत्या झांजांवर भागवू.

तुमचा,
मोठा